‘घरी सांगीन’ ही धमकी आणि कॉलेजातल्या प्रेमातली मारहाण

नागपुरातल्या एका कॉलेजात शिकवणाऱ्या आणि तिथल्याच मुलींच्या होस्टेलच्या रेक्टर असलेल्या मॅडमनी विचारलं आहे. दुसऱ्या वर्षाच्या एका मुलीच्या दंडावर बोटांचे वळ दिसले. जिन्यात घसरले, म्हणाली. नंतर रूममेटने सांगितलं की तिचा मित्र हात उचलतो, फोन हिसकावून घेतो. स्टाफरूममध्ये विषय निघाला तेव्हा ‘हे सगळं पाश्चात्त्यांचं फॅड, आपल्याकडे पोरंपोरी अशी फिरतच नव्हती’ यावर सगळ्यांचं एकमत झालं. मॅडमचे प्रश्न असे: हे खरंच तिकडून आलंय का? बाकीच्या देशांतल्या विद्यापीठांत काय चित्र आहे? आणि मुलीच्या घरी कळवायचं की नाही?

मी या शहरात बरीच वर्षं समुपदेशन करते आणि माझ्याकडे येणाऱ्यांत निम्म्याहून जास्त विद्यार्थीच असतात. घाई तिसऱ्या प्रश्नाची आहे हे मला कळतं, पण त्याचं उत्तर पहिल्या दोघांतूनच निघतं. तोवर एक विनंती: हे वाचून होईपर्यंत घरी फोन लावू नका.

आधी परदेशाचं. अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर विद्यापीठातले समाजशास्त्रज्ञ मरे स्ट्रॉस यांनी देशोदेशीच्या सहकाऱ्यांना सोबत घेऊन विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांचा मोठा अभ्यास केला. २००४ साली त्याचे जे आकडे प्रसिद्ध झाले ते १६ देशांतल्या ३१ विद्यापीठांचे होते. प्रश्न आडवळणाचे नव्हते: गेल्या वर्षभरात जोडीदाराला ढकललंस का, थप्पड मारलीस का, गळा दाबलास का. सगळ्या विद्यापीठांचा मधला आकडा निघाला २९ टक्के, म्हणजे शंभरातल्या एकोणतीस जणांनी जोडीदारावर हात टाकल्याचं स्वतःच लिहून दिलं. सर्वांत कमी होतं तिथे १७ टक्के, सर्वांत जास्त तिथे ४५. जोडीदाराला इजा होईल इतकं मारणारे ७ टक्के. पुढे हा अभ्यास ३२ देशांपर्यंत वाढला. त्यात भारतातले विद्यार्थीही होते, आणि हाँगकाँग, सिंगापूर, कोरिया इथलेही. हा प्रकार अजिबात नाही असं एकही विद्यापीठ सापडलं नाही. तुमच्या स्टाफरूमला हे सांगायला हरकत नाही.

पण हे आकडे फार ताणूही नका. फॉर्म भरणारी मुलं म्हणजे त्या दिवशी वर्गात हजर असलेली आणि भरायला तयार असलेली मुलं. शिवाय ही मोजपट्टी कृती मोजते, तिच्यामागची भीती मोजत नाही. चिडून एकदा हात झटकणारी मुलगी आणि सहा महिने दर आठवड्याला मार देणारा मुलगा, दोघांच्याही फॉर्मवर खूण ‘होय’वरच येते. यावरून तिकडे संशोधकांत वर्षानुवर्षं वाद चालू आहेत. ‘मुलीही मारतात मग’ हा पोरांचा आवडता मुद्दा याच आकड्यांतून येतो. मुलीही मारतात, हे खरंच आहे. माझ्याकडे मार खाल्लेली मुलं आली आहेत, आणि ती मुलींपेक्षा जास्त लाजतात. मात्र जखमा, जबरदस्तीचा शरीरसंबंध आणि जिवाची भीती यांचं पारडं मुलींच्या बाजूला जड आहे, हेही तितकंच खरं.

मला या अभ्यासातला दुसरा एक भाग जास्त महत्त्वाचा वाटतो, आणि त्याची चर्चा कमी होते. २००६ मध्ये याच माहितीतून १९ देशांची तुलना करून पाहिलं, तर जिथे लहानपणी घरी मार खाल्लेल्यांचं प्रमाण जास्त, तिथे जोडीदाराला मारणाऱ्यांचंही जास्त निघालं. आपल्याकडे ‘बापाने हाणलं म्हणून तर लायनीवर आलो’ हे वाक्य अभिमानाने म्हटलं जातं. त्याच्या जोडीला राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण ठेवा. २०१९–२१ च्या फेरीत देशातल्या ४५ टक्के बायकांनी आणि ४४ टक्के पुरुषांनी, काही कारणं असली तर नवऱ्याने बायकोला मारणं योग्य आहे, असं उत्तर दिलं. बायकांचा आकडा पुरुषांच्या बरोबरीचा आहे, हे विसरू नका. घरात हे पाहून मोठा झालेला मुलगा अमरावती रोडवरच्या कॅम्पसमध्ये येतो तेव्हा त्याला मारायला शिकवायला परदेशातून कोणी यावं लागत नाही. आणि तिने ‘काळजी आहे म्हणून चिडतो’ म्हणावं, हेही ती आईकडूनच शिकून आलेली असते.

मग संस्कृतीने काहीच फरक पडत नाही का? पडतो, आणि मोठा पडतो. तो मारण्यात नाही, पकडीत पडतो. मार बसल्यावर मुलगी तिथून का निघू शकत नाही, याचं उत्तर प्रत्येक समाजात वेगळं असतं. जिथे घरच्यांना मुलीचा मित्र माहीत असतो, तिथे ती निदान आईला फोन करून रडू शकते. विदर्भात बहुतेक घरांत तो मित्र अस्तित्वातच नसतो. जो नाहीच, त्याने मारलं हे कोणाला सांगणार?

त्यामुळे इथलं सर्वांत मोठं हत्यार थप्पड नसून ‘घरी सांगीन’ हे आहे. एका मुलीने मला तिच्या मित्राचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं होतं: ‘मी तर काहीच करून नाही राह्यलो, फक्त तुझ्या पप्पाचा नंबर सेव्ह करून ठेवला.’ (तिची ओळख लागेल असं सगळं मी गाळलं आहे.) एवढ्या एका वाक्यावर ती जवळपास दीड वर्ष त्याचं सगळं ऐकत होती. अहेरीहून, देवरीहून, बालाघाटकडून आलेली मुलगी असते. घराण्यातली कॉलेजात आलेली पहिलीच. होस्टेलची फी सोयाबीन विकून भरलेली. तिला पक्कं माहीत असतं की घरी कळलं तर मुलाचं काहीच होणार नाही, तिचं नाव मात्र कॉलेजातून निघेल आणि उन्हाळ्यात लग्न लागेल. हे मुलालाही माहीत असतं, कारण त्याच्या बहिणीच्या बाबतीत त्याच्या घरी तेच झालं असतं.

जात वेगळी असेल तर ही धमकी दुप्पट चालते, आणि दोन्ही बाजूंनी चालते. ‘तुझ्या भावाला माझं आडनाव सांगू का?’ एवढं विचारलं तरी पुरतं. उलट, मुलगा दलित किंवा आदिवासी आणि मुलगी तथाकथित वरच्या जातीची असेल, तर मुलीचे नातेवाईक मारहाणीचा बहाणा करून त्यालाच अडकवतात, असंही होतं. म्हणून समोर आलेली पहिली हकीकत तीच पूर्ण हकीकत, असं धरू नका. मुलगी-मुलगी किंवा मुलगा-मुलगा असं नातं असेल तर धमकीला आणखी धार येते, कारण तिथे नातं उघड झालं की घरासोबत होस्टेलही सुटतं.

फेब्रुवारी २०२० मधलं हिंगणघाट तुम्हाला आठवत असेल. कॉलेजात शिकवायला निघालेल्या तरुण प्राध्यापिकेला रस्त्यावर पेटवून दिलं आणि आठवड्याभरात नागपूरच्या दवाखान्यात ती गेली. ते प्रकरण प्रेमसंबंधातलं नव्हतं, पाठलागाचं होतं. पण त्यानंतर माझ्याकडे आलेल्या पालकांत ‘मुलाला काय शिकवू’ विचारणारे क्वचित आणि ‘मुलीला परत आणू का’ विचारणारेच फार. मुली हे बघत असतात. त्यातून त्या एकच धडा घेतात, की त्रास होत असेल तर गप्प बसायचं, नाहीतर शिक्षण जातं.

आता हिंसा कशाला म्हणायचं. वळ दिसेपर्यंत बरंच काही होऊन गेलेलं असतं. सुरुवात लोकेशन चालू ठेवण्यापासून होते. मग रात्री व्हिडिओ कॉल करून रूममध्ये कोण आहे ते फिरवून दाखव. मग मैत्रिणींपैकी एकेक ‘चांगली नाही’ ठरते. एमपीएससीची लायब्ररी सुटते, कारण तिथे मुलं बसतात. तिच्या व्हॉट्सअ‍ॅपला त्याचा लॅपटॉप जोडलेला असतो आणि तिला पत्ताही नसतो. ब्लॉक केलं तर यूपीआयवरून एक रुपया येतो, सोबत मेसेज: ‘खाली उभा आहे.’ मेक्सिकोतल्या राष्ट्रीय पॉलिटेक्निक संस्थेने २००९ मध्ये विद्यार्थ्यांसाठी फूटपट्टीसारखा एक तक्ता काढला. त्यात सगळ्यांत खाली टोचून बोलणारे विनोद, खोटं बोलणं, अबोला. वर जाता जाता वस्तू फोडणं, ढकलणं. आणि टोकाला खून. तिथल्या विद्यार्थ्यांनी तो खिशात बाळगावा अशी कल्पना. तसा एखादा मराठीत करून होस्टेलच्या नोटीस बोर्डावर लावायला काहीच खर्च नाही. फक्त आपल्या तक्त्यात गाडी घालावी लागेल. इथे कितीतरी मुलींना पहिली खरी भीती बसते ती मागच्या सीटवर: भांडण झालं की तो हिंगणा रोडला नाहीतर रिंग रोडला गाडी शंभरवर नेतो आणि ती ‘सॉरी’ म्हणेपर्यंत कमी करत नाही. अंगावर एक ओरखडा उठत नाही, त्यामुळे ती स्वतःही याला मारहाण म्हणत नाही.

गळ्याबद्दल वेगळं सांगते, कारण ते कोणी विचारतच नाही. नागपुरात मुली उन्हासाठी तोंड-मान झाकेल असा स्कार्फ बांधतात; त्याखाली काय आहे ते दिसत नाही. अमेरिकेत खून झालेल्या स्त्रियांच्या प्रकरणांचा अभ्यास झाला, त्यात आधी एकदा तरी जोडीदाराने गळा दाबला होता अशांचा पुढे खून होण्याचा धोका सातपटीहून अधिक निघाला. गळा दाबल्यावर बऱ्याचदा बाहेर खूण उठतच नाही. आवाज बसलाय का, गिळताना दुखतं का, डोळ्यांत किंवा पापण्यांवर लाल ठिपके आहेत का, त्या वेळी भोवळ आली होती का किंवा लघवी सुटली होती का, हे विचारा. एकाचंही उत्तर ‘हो’ असेल तर त्याच दिवशी मेडिकलला, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात, न्या. आतली सूज किंवा रक्तवाहिनीची इजा नंतर त्रास देऊ शकते, म्हणून ‘आता बरं वाटतंय’ यावर थांबायचं नाही.

कायद्याचं थोडक्यात, कारण लोक नको त्या कायद्याच्या मागे लागतात. कौटुंबिक हिंसाचार कायदा २००५ चा. तो लग्नाच्या किंवा ‘लग्नासारख्या’ नात्याला, एका घरात राहिलेल्यांना लागतो. २०१० च्या वेलुसामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नुसतं शनिवार-रविवार सोबत घालवणं म्हणजे असं नातं नव्हे, असं स्पष्ट म्हटलं. म्हणजे होस्टेलवरच्या मुलीला त्याचा आधार जवळपास नाही. स्पेनने २००४ च्या कायद्यात एकत्र न राहणाऱ्या जोडीदारांनाही धरलं. चिलीने २०२० मध्ये स्त्रीहत्येच्या कायद्यात प्रेमसंबंध आणले. अमेरिकेत २०१३ च्या दुरुस्तीनंतर कॉलेजांना कॅम्पसवरच्या अशा तक्रारींचे आकडे दरवर्षी जाहीर करावे लागतात. जपान मात्र आपल्यासारखंच एकत्र राहणाऱ्यांपाशी थांबलं.

आपल्याकडे वाट भारतीय न्याय संहितेतून जाते. १ जुलै २०२४ पासूनच्या घटनांना ती लागू आहे. नको म्हटल्यावरही पाठलाग करणं, फोन-मेसेजचा मारा करणं, नेटवरच्या हालचालींवर नजर ठेवणं हे कलम ७८ खाली येतं, पहिल्या वेळेला तीन वर्षांपर्यंत शिक्षा. कलम ७७ प्रत्येक मुलीला ठाऊक असावं: खाजगी क्षणांचा फोटो तिच्या संमतीने काढलेला असला तरी तिच्या परवानगीशिवाय तो दुसऱ्याला पाठवणं हा गुन्हा आहे. ‘तूच पाठवला होता ना’ ही पळवाट तिथे चालत नाही. मारहाण आणि धमकी यांची कलमं वेगळी आहेतच. तक्रार कुठल्याही ठाण्यात देता येते. हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही. मुलगी अठराच्या आतली असेल तर पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांविरुद्धचा कायदा, लागतो आणि लैंगिक गुन्ह्याची माहिती पोलिसांना देणं तुमच्यावर कायद्याने बंधनकारक होतं, तेव्हा पहिल्या वर्षाच्या मुलींचं वय आधी बघून घ्या.

कॉलेजची अंतर्गत समिती विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या नियमांनुसार असते. लैंगिक छळाची तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत द्यायची. कारण पटलं तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. चौकशी चालू असताना मुलाला तिच्यापासून लांब राहण्याची ताकीद देता येते, तिला तीन महिन्यांपर्यंत रजा देता येते आणि त्याने तिचं वर्ष बुडत नाही. मुलगा बाहेरचा असला तरी तिला मदत करण्याची जबाबदारी संस्थेवर राहते. पोलिसात जायला तयार नसलेल्या कित्येक मुली समितीकडे जायला तयार होतात, पण समितीत कोण आहे हे त्यांना माहीत असलं तर. ती नावं कॉलेजच्या वेबसाइटच्या कोपऱ्यात नकोत, मेसच्या दारावर हवीत.

आता तुमच्या मुलीकडे वळते. तिला ऑफिसात बोलावून विचारू नका. सगळ्या होस्टेलला कळतं. एकटी गाठा आणि ‘तू त्याला सोडत का नाहीस’ सोडून काहीही विचारा. मी साधारण असं सुरू करते: ‘त्याला राग आला की तू काय करतेस?’ यावर मुली खूप बोलतात. गळ्याचं विचारा. पेट्रोल, अ‍ॅसिड, चाकू यांचं नाव कधी काढलं का ते विचारा. ‘नस कापून घेईन’ म्हणतो का ते विचारा. म्हणत असेल तर ते नाटक समजू नका. त्याच्या मित्रांना किंवा घरच्यांना कळवायचं आणि १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर द्यायचा. त्याला सांभाळणं ही तिची जबाबदारी नाही, हेही तिला सांगावं लागतं. आणि ती संबंध तोडायच्या बेतात असेल तर तोच सर्वांत धोक्याचा काळ. ‘शेवटचं एकदा फुटाळा तलावावर भेट, सगळे फोटो डिलीट करतो’ या निरोपाला जायचं नाही. तोडायचं ते मेसेजवर तोडावं. त्यात उद्धटपणा नाही.

ब्लॉक करण्याआधी पुरावा ठेवा. नंबर आणि तारीख दिसेल असे स्क्रीनशॉट, यूपीआयच्या नोंदी, वळांचे फोटो, आणि मूळ फोन फॉरमॅट न करता. मग व्हॉट्सअ‍ॅपमधली जोडलेली उपकरणं काढा, लोकेशन बंद करा, पासवर्ड बदला, याच क्रमाने. कारण आधी लोकेशन बंद झालं की त्याला लगेच समजतं आणि पुरावा घ्यायला वेळ उरत नाही. फोटो पसरवण्याची धमकी असेल तर स्टॉपएनसीआयआय या साइटवर अठरावर्षांवरील व्यक्तीला आपल्या फोनमधल्या फोटोचा डिजिटल ठसा तयार करता येतो. फोटो फोनमधून बाहेर जात नाही, ठसा जातो, आणि त्यात सहभागी असलेल्या समाजमाध्यमांवर तो फोटो अडवला जातो. हे कळल्यावर मुलींच्या चेहऱ्यावर जेवढा फरक पडतो तेवढा माझ्या समुपदेशनाने पडत नाही. तातडीला ११२, महिलांसाठी १८१. शिवाय नागपूर पोलिसांचा भरोसा सेल आहे, तिथे समुपदेशक बसतात.

आणि घरचं. मुलगी अठरा पूर्ण असेल आणि जिवाला तातडीचा धोका नसेल, तर तिच्या परवानगीशिवाय कळवायचं नाही. तुम्ही न विचारता फोन लावलात तर मुलाने जी धमकी दिली होती ती तुम्हीच पूर्ण केली, असा त्याचा अर्थ होतो, आणि त्या मजल्यावरची एकही मुलगी पुन्हा तुमच्याकडे येणार नाही. पण कायम लपवून ठेवण्यातही तिचं भलं नाही, कारण लपलेलं आहे तोवर त्या धमकीत जीव आहे. म्हणून तिनेच सांगावं, तिच्या वेळेला, तिने निवडलेल्या माणसाला. ते माणूस बहुधा वडील नसतात. नोकरी करणारी मावशी, शिकलेला मामा, कधी मोठी वहिनी. मी मुलींना ते वाक्य आधी माझ्यासमोर म्हणायला लावते. पुढचं सगळं ती कुठून सुरू करते यावर असतं: ‘माझं चुकलं’ने सुरू केलं तर घरचे चुकीची शिक्षा देतात, ‘एक मुलगा मला त्रास देतोय, मला तुमची मदत पाहिजे’ने सुरू केलं तर निदान अर्धी घरं मुलाकडे वळतात. त्यानंतर रेक्टर म्हणून तुम्ही बोला, आणि बोलताना हातात परीक्षेचं वेळापत्रक ठेवा. मुलगी सुरक्षित आहे, समितीकडे प्रकरण आहे, अमुक तारखेला पेपर आहे आणि ती तो देणार आहे, हे पालकांना एखाद्या अधिकाराच्या माणसाकडून ऐकायचं असतं. घरी न्यायचंच म्हणाले तर परत येण्याची तारीख ठरवून घ्या, लेखी.

कोणी मध्यस्थ ‘दोघांचं लग्नच लावून टाकू’ म्हणत आला तर चहा पाजून पाठवून द्या. असा तोडगा मी ठाण्याच्या आवारात, वकिलाच्या चेंबरमध्ये आणि घरच्या बैठकीत, तिन्हीकडे ऐकला आहे. आणि दोघांना समोरासमोर बसवून ‘समेट’ घालू नका. त्या खोलीत ती खरं बोलणार नाही आणि खोलीबाहेर त्याची किंमत मोजेल. मुलगा तुमच्याच कॉलेजचा असेल तर त्याच्यासाठी वेगळा समुपदेशक, वेगळा दिवस. त्याच्याशी बोलताना घरात बाप आईला मारायचा का, तेव्हा तू कुठे उभा असायचास, हे विचारा. बरीच मुलं यावर पहिल्यांदाच बोलतात. काही बोलत नाहीत, आणि त्यांच्यासाठी पोलीस आहेत.